सफरीचं पाचवं चाक

२०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरच्या गाडीने लडाखला जाऊन आलो. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, थंडी किती होती, खाण्याचे हाल झाले का, नमाज कुठे पढलात. टायरबद्दल कुणीच विचारत नाही. खरं सांगायचं तर निघण्याआधी आमच्या घरात सर्वांत मोठा वाद झाला तो टायरवरूनच, आणि सफरीत सर्वांत जास्त कामाला आलं ते त्या वादातून निघालेलं शहाणपण. गाडी घेऊन लांब जाणारी कुटुंबं आता आपल्यातही वाढली आहेत. म्हणून यावेळी हाच विषय घेतला.

गाडी आमची जुनी स्कॉर्पिओ, चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते अशी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. जाणारे पाच जण. ७१ वर्षांची अम्मी, आमची बेगम, नववीतली मुलगी, गाडी चालवायला जोडीला २२ वर्षांचा भाचा, आणि आम्ही. वाट चिपळूणहून मुंबई, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, पठाणकोट, जम्मू, श्रीनगर आणि तिथून झोजिला ओलांडून द्रास, कारगिल, लेह. जाऊन-येऊन आणि तिकडचं फिरणं धरून सहा हजार किलोमीटरच्या आसपास.

गाडीचे टायर झिजले होते, बदलायचेच होते. दुकानात शिरताच भाच्याची नजर भिंतीवरच्या काळ्या कुळकुळीत अलॉयवर गेली. "मामू, वीस इंची घेऊ. आणि त्यावर मड-टेरेन टायर. लोक वळून बघतील." दुकानदाराला काय, त्याने लगेच कॅल्क्युलेटर काढला. आम्ही म्हणालो, घरी विचारून सांगतो.

घरी अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मी मागे बसणार. या नव्या चाकांनी धक्के कमी बसतील की जास्त?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं. मुलीला वही-पेन घेऊन गाडीजवळ बसवलं.

आमच्या टायरवर होतं २३५/६५ आर १७. यातला २३५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १७ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. मुलीने गुणाकार केला. २३५ चे ६५ टक्के म्हणजे जवळपास १५३ मिलिमीटर. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर आणि हवेची एवढी जाड गादी. आता वीस इंची रिम घालायची आणि चाकाची एकूण उंची तीच ठेवायची, तर माप येतं २५५/४५ आर २०. त्याची भिंत जेमतेम ११५ मिलिमीटर. म्हणजे गादी पावणेचार सेंटिमीटरने पातळ झाली. खड्ड्यात किंवा दगडावर आदळलं की धक्का आधी रिमला आणि मग मागे बसलेल्याच्या कमरेला. अम्मीला उत्तर मिळालं. भाचा गप्प झाला, पण मानला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा प्रस्ताव आणला. रिम तीच ठेवू, टायर मोठा घेऊ, २६५/६५ आर १७. गाडी उंच दिसेल. मुलीने पुन्हा हिशेब मांडला. जुन्या चाकाची एकूण उंची ७३७ मिलिमीटर, नव्याची ७७६. पाच टक्क्यांहून जास्त वाढ. याचा अर्थ काट्यावर १०० दिसेल तेव्हा गाडी खरोखर १०५ ने धावत असेल. इंजिनाला चाक फिरवायला जड जाणार, ब्रेकला थांबवायला जड जाणार, आणि वळणावर टायर मडगार्डला घासण्याची भीती वेगळीच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडीत वेगळे बदल करायला ते आडवं येतं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने याच गोष्टीवर बोट ठेवलं, तर कुणाकडे जायचं?

मग ठरलं की माप कंपनीचंच. आता प्रश्न राहिला नक्षीचा.

बाजारात अशा गाड्यांसाठी मुख्यतः तीन प्रकार मिळतात. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर. नक्षी बारीक, आवाज कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली. एमटी म्हणजे चिखलाचा टायर. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद, म्हणून चिखल अडकून राहत नाही. पण डांबरावर तो गुणगुणत नाही, गर्जतो. वजनाने जड, डिझेल जास्त पितो, आणि पावसात डांबरावर ब्रेक मारला की गाडी उशिरा थांबते. एटी हा या दोघांच्या मधला.

आम्ही कागदावर रस्त्याची वाटणी केली. सहा हजारांपैकी दहा भागांतले नऊ भाग तर डांबरच. उरलेल्या भागात झोजिलाचा चढ, बर्फ वितळून झालेला राडा, नुब्राकडची वाळू आणि दगडगोटे. मग नऊ भागांत डोकं दुखवून घेऊन एका भागासाठी एमटी का घ्यायचा? आम्ही एटी घेतला. त्यातही ज्याच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाच्या फुलाचं चित्र असतं तो पाहिला. ते चित्र बर्फावरची चाचणी पार केल्याशिवाय छापता येत नाही. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल, तर ती कंपनीने नक्षीवरून आपणच लावलेली पाटी समजावी. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो, जुलै-ऑगस्टमध्ये फक्त श्रीनगर-लेह हमरस्त्याने जाऊन यायचं असेल, तर चांगले, नवे एचटी टायर पुरतात. तिथल्या कितीतरी टॅक्सी त्यांच्यावरच धावतात.

आता वजन. टायरवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आमच्या जुन्या टायरवर १०४ एस होतं. १०४ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ९०० किलो पेलतो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. त्याच मापात १०८ चाही टायर मिळतो, तो १००० किलो पेलतो. चार टायर गुणिले ९०० म्हणजे ३६००, मग काय चिंता, असं वाटतं. पण वजन चारही चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. सामान मागे असतं, माणसं मागे असतात, चढावर भार आणखी मागे सरकतो.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आम्ही सगळं सामान भरलं, पाचही जण बसलो आणि चिऱ्याचे ट्रक ज्या काट्यावर वजन करतात तिथे गाडी नेली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर. काट्यावरच्या माणसाला गंमत वाटली, पण पावती त्याने दिली. मागच्या चाकांवर भार अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला आणि पूर्ण गाडीचं वजन कंपनीच्या पट्टीवर छापलेल्या कमाल आकड्याला जाऊन भिडलं होतं. बेगमने पावती पाहिली आणि टपावरचं जाळीचं कॅरियर, त्यावरचा तंबू, दोन जादा खुर्च्या आणि भांड्यांची एक पेटी यादीतून काढून टाकली. "हॉटेलात झोपू. तंबू कुणाला दाखवायचाय?" तंबू आणि कॅरियर अजून विकत घ्यायचं होतं. ते पैसे वाचले. पुढे ते कुठे गेले ते सांगतो.

रिमचंही ठरवायचं होतं. अलॉय दिसायला सुंदर आणि हलका, पण जोरात आदळला की त्याला चीर जाते, आणि चीर गेलेला अलॉय रस्त्यावर दुरुस्त होत नाही. लोखंडी रिम जड असते, पण वाकली तर छोट्या गावातला मिस्त्रीही ती ठोकून कामापुरती सरळ करतो. आडरानातल्या सफरीला लोखंडी रिम बरी, हे खरं. पण आमच्या गाडीला कंपनीचे अलॉय होते, चीर नव्हती, मग केवळ बदलायचे म्हणून का बदला? तेच ठेवले. कुणी बाहेरची रिम घेणारच असेल, तर बोल्टच्या छिद्रांचं अंतर, मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते ते, हे तिन्ही जुळल्याशिवाय घेऊ नये. रिम बाहेर काढून बसवली की बेअरिंगवर ताण येतो. आणि लोखंडी रिमचे नट अलॉयला चालतीलच असं नाही, तेही तपासावं.

आता येतो मूळ मुद्दा, स्टेपनी.

दुकानदार म्हणाला, "चार घ्या सर. स्टेपनी तर कोरी आहे." खरंच कोरी होती. गाडीखाली टांगलेली, नक्षी जशीच्या तशी, कदाचित एकदाही न वापरलेली. भाचाही म्हणाला, मामू, एका टायरचे पैसे वाचतात. आम्हालाही मोह झाला. पण टायर खाली उतरवून पुसला, तेव्हा बाजूवर चार आकडे दिसले. २२१६. यातले पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २०१६ चा बाविसावा आठवडा. म्हणजे टायर आठ वर्षांचा. रबर वापरलं नाही तरी ते वयाने कडक होतं. बोटाने दाबून वाकवलं तर भिंतीवर केसासारख्या चिरा दिसत होत्या. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर लांबच्या सफरीला भरवशाचा धरू नये. नवा घेतानाही हे चार आकडे वाचावेत. कमी खपणाऱ्या मापाचा टायर दुकानात वर्ष-दोन वर्षं पडून असतो आणि नव्याच्या भावाने आपल्या गळ्यात येतो.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं. आमच्यासारख्या गाडीत फोर-व्हील लावलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना पक्की जोडली जातात. मधे फरक सांभाळून घेणारं काही नसतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा लहान किंवा मोठं असेल, तर प्रत्येक फेरीत ते मागे-पुढे राहतं आणि सगळा पीळ गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणूनच कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचं नसतं. म्हणजे स्टेपनी वेगळ्या मापाची किंवा वेगळ्या नक्षीची असेल, तर जिथे फोर-व्हीलची गरज पडते नेमकं तिथेच ते लावायला मन धजत नाही. हल्ली काही नव्या गाड्या तर स्टेपनीशिवायच मिळतात. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरची पेटी असेल, तर २०२० पासून नियमाने तशी सूट आहे. शहरात ते ठीक. पण पंक्चरच्या पेटीने टायरच्या तळातला खिळा सांभाळता येतो, बाजूची भिंत फाटली तर त्या पेटीचा काही उपयोग नाही.

तंबू आणि कॅरियरचे पैसे पाचव्या टायरला गेले. पाचही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. वाल्वही पाचही नवे. बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून चारशे किलोमीटर आसपास फिरवले, मग नट पुन्हा आवळले. आणखी एक काम केलं, जे कोकणातल्या प्रत्येकाने करावं. घराच्या अंगणात स्टेपनी उतरवून एकदा चाक बदलून पाहिलं. आमच्या पावसाने गाडीखालची साखळी गंजून बसली होती. अर्धा तास तेल घालून हलवली तेव्हा सुटली. हे डोंगरात कळलं असतं तर?

वाटेत रोज फज्रनंतर एकच काम ठरलेलं, हवा मोजणं. टायर थंड असतानाचाच आकडा खरा. धावून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढली, तर थंड झाल्यावर तो कमी पडतो. कमी हवेचा टायर उन्हात, भार घेऊन, वेगात धावला की भिंत सतत वाकून तापते आणि फुटतो. राजस्थानातल्या मे महिन्यात हीच मोठी भीती. दारातल्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलेला असतो तो ठेवावा, आणि वेग ताबडतोब वीस-पंचवीसने कमी करावा.

उंचीचा प्रश्न मुलीने विचारला. वर हवा विरळ, मग टायर फुगून फुटणार नाही का? गणित असं. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, तर खारदुंग ला वर, सुमारे ५३५० मीटरवर, तो जवळजवळ निम्मा. त्यामुळे खाली ३२ दाखवणारा टायर तिथे ३९ दाखवेल. पण थंडी उलटं काम करते. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय उतरतो. खाली ४० अंश आणि वर ५ अंश असतील, तर दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन आकडा ३४ च्या आसपास येतो. आम्ही वर मोजलं, जवळपास तेवढाच निघाला. म्हणून खिंडीच्या माथ्यावर हवा काढत बसू नये. रात्री जिथे मुक्काम, तिथे पहाटे मोजावं आणि तिथेच सुधारावं. वाळूत किंवा भुसभुशीत बर्फात मात्र दाब विशीपर्यंत उतरवला की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. अर्थात मग हळू चालवायचं आणि डांबर लागताच पुन्हा भरायचं. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ हवाच.

झोजिला ओलांडला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधे काळा राडा. मताईनच्या अलीकडे गाडी एका बाजूला ओढायला लागली. उतरून पाहिलं तर डाव्या मागच्या टायरच्या भिंतीला बोटभर लांब चीर. राड्याखालचा दगड लागला होता. अम्मीला शाल गुंडाळून एका सपाट दगडावर बसवलं. तिच्या हातात तसबीह आणि नजर आमच्यावर. हवा विरळ, दोनदा पाना फिरवला की धाप लागायची. द्रासकडचा एक ट्रकवाला थांबला, सलाम केला आणि न विचारताच जॅकखाली ठेवायला फळी काढून दिली. चाळीस मिनिटांत चाक बदललं. पुढच्या वळणावर पाणी आणि चिखलाचा पट्टा होता. चारही चाकं सारखी, त्यामुळे बिनधास्त फोर-व्हील लावलं आणि पार झालो. तिथे भाचा इतकंच म्हणाला, "मामू, ती जुनी स्टेपनी असती तर..." वाक्य त्याने पुरं केलं नाही.

द्रासला मशिदीत थांबलो. आम्ही शाफई, जुहर आणि असर कसर करून एकत्र पढल्या. कारगिलला टायरवाल्याने चीर पाहून मान हलवली. बाजूच्या भिंतीला ठिगळ लावणारे भेटतील, पण लावून घेऊ नका, असं त्यानेच सांगितलं. आमचं माप त्याच्याकडे नव्हतं, श्रीनगरहून मागवावं लागणार होतं. भाचा म्हणाला, लेह दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच आहे, रस्ता चांगला आहे, रहदारी आहे, स्टेपनीशिवाय निघू. आम्हीही डळमळलो. सुट्टी मोजकी, पँगाँगचं सरोवर मुलीने वर्षभर मनात धरलेलं. पुढे नमिका ला आणि फोतू ला या दोन खिंडी, फोतू ला तर ४१०० मीटरहून उंच. आणि मागच्या सीटवर अम्मी. मुलीनेच सांगितलं, "अब्बा, थांबू या."

दोन रात्री कारगिलला राहिलो. टायर आला, त्याच मापाचा, त्याच नक्षीचा. नुब्रा झालं, पँगाँग राहिलं. मुलगी परतीच्या वाटेवर एकदा रडली, हे लपवत नाही. पण सहा हजार किलोमीटर जाऊन पाचही जण सुखरूप घरी आलो, अलहम्दुलिल्लाह.

उंट आधी बांधावा आणि मग तवक्कल करावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गाडीच्या बाबतीत मात्र आपण आरशाला तावीज बांधतो आणि स्टेपनी विसरतो. गाडीत बसलेली माणसं चालवणाऱ्याकडे अमानत असतात. दिखाव्याच्या रिमवर पैसा घालणं हा इसराफ, आणि पाचव्या टायरचे पैसे वाचवणं ही काटकसर नव्हे.

तुमची सफर लडाखची नसेल, महाबळेश्वरची असेल किंवा लग्नाला औरंगाबादपर्यंत जाण्याची असेल. तरी येत्या जुम्म्याच्या सुट्टीच्या तासाभरात एवढं करा. स्टेपनी खाली उतरवा. तिच्यावरचे चार आकडे वाचा. तिची हवा मोजा. जॅक आणि पाना खरोखर चालतो का ते पाहा, आणि घरातल्या मुला-मुलींना चाक बदलायला शिकवा. मग सफरीची दुआ पढून निघा. अल्लाह सर्वांना आफियतने नेवो आणि आफियतने घरी आणो, आमीन.